नर्सबाईला हसणाऱ्यांना भर सभेत सुनावणाऱ्या रमाबाई रानडे

धानोरा (जि. नंदुरबार) : लसीकरणाचा दिवस असला की गावात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर सगळे नर्सबाईची वाट बघतात. गरोदर बाईचं बीपी, बाळाचं वजन, पोलिओचे थेंब, सगळं तीच बघते. रात्री-अपरात्री कुणी बाई अडली तर पहिला फोन आशाताईला, नाहीतर सिस्टरला. आपल्या भागातल्या कितीतरी मुली आता एएनएम, जीएनएम शिकायला जातात आणि घरचे त्यासाठी पदरमोड करतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यासारख्या शहरातही हिंदू घरातली बाई नर्स व्हायला निघाली तर लोक नाक मुरडायचे, चारचौघांत हसायचे. त्या हसणाऱ्यांना ज्यांनी तोंडावर सुनावलं त्या रमाबाई रानडे.

काही वर्षांपूर्वी झी मराठीवर उंच माझा झोका ही मालिका लागायची. ती पाहिलेल्यांना परकर नेसलेली छोटी रमा आठवत असेल. रमाबाईंचं नर्सिंगचं काम मात्र त्या मालिकेइतकं घरोघरी पोहोचलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेर कुर्लेकरांचं. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, सरकारी न्यायाधीश, पहिली बायको वारलेली. विधवाविवाहाच्या बाजूने बोलणाऱ्या या माणसाने वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांची मुलगी केली, म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली. ती ठेवण्यासारखीच गोष्ट होती. पण रानड्यांनी एक केलं. बायकोला अक्षरओळख नव्हती, तर स्वतः पाटी-पेन्सिल देऊन शिकवायला बसले.

घरातल्या मोठ्या बायकांना ते आवडलं नाही. बाईमाणसाने वाचायचं म्हणजे घराला बट्टा, अशी समजूत. पुढे इंग्रजी शिकवायला घरी एक ख्रिस्ती बाई येऊ लागल्या, तर त्या गेल्यावर रमाबाईंनी आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही असा दंडक आला. टोमणे खात, उलट न बोलता त्या शिकत राहिल्या. परक्या माणसाला शिवलं की बाटलं ही रीत त्यांनी अंगावर सोसलेली होती, आणि नर्सचं तर सगळं कामच शिवण्याचं.

आपल्या भागाशीही त्यांचा संबंध आला. १८७९ मध्ये रानड्यांची बदली धुळ्याला झाली. धुळे तेव्हा खानदेश जिल्ह्याचं ठाणं आणि नंदुरबार त्यातला तालुका. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस होते. पुण्यातल्या शिकलेल्या लोकांवर इंग्रजांचा संशय होता, त्यात रानडेही आले. धुळ्यात त्यांची टपाल फोडून बघितली जायची. सतरा वर्षांच्या रमाबाईंनी हे सगळं जवळून पाहिलं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे वारले. शेवटच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली. पदरी मूलबाळ नाही, वय एकोणचाळीसच्या आत. तेव्हाच्या रीतीप्रमाणे अशा बाईने कोपऱ्यात बसून दिवस काढायचे. पहिलं वर्षभर रमाबाई घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. मग निघाल्या त्या येरवड्याच्या तुरुंगात बायका-कैद्यांना भेटायला आणि दवाखान्यात रोग्यांची विचारपूस करायला. फळं घेऊन जायच्या, खाटेजवळ बसायच्या.

त्या काळी दवाखान्यांची दशा काय होती ते समजून घ्यायला हवं. बाई कितीही आजारी असली तरी पुरुष डॉक्टरला अंग दाखवायची नाही. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत. हातात येईल त्याने नाळ कापायची, मग बाळाला धनुर्वात आणि बाळंतिणीला ताप. कितीतरी बाया बाळंतपणातच जायच्या. नर्सा होत्या त्या बहुतेक गोऱ्या, ख्रिस्ती नाहीतर पारशी. पुण्या-मुंबईच्या हिंदू घरातल्या बाईला वाटायचं, रक्त-घाण काढायचं काम आपलं नाही. शिवाय रात्रपाळी. रात्री घराबाहेर राहणारी बाई म्हटलं की लोक लगेच चारित्र्यावर यायचे. इंग्लंडातही फार वेगळं नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनला नर्सांची शाळा काढेपर्यंत तिथेही हे काम हलकंच धरलं जायचं. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात पोचवलं आणि त्यातच प्लेग लागून त्या गेल्या. आजाऱ्याची सेवा त्याआधीही बायका करत होत्याच. पण तिचं शिक्षण, पगार आणि मान हे सगळं अजून व्हायचं होतं.

१९०८ मध्ये मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी सेवासदन काढलं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेही आपल्या राहत्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे मोठे साथीदार. हिशेब, पत्रं, धावपळ त्यांनी पाहिली. इथे मोठ्या वयाच्या बायकांना वाचायला शिकवायचं, शिवण शिकवायचं, प्रथमोपचार शिकवायचे. येणाऱ्यांत विधवा पुष्कळ. कुणाला दिरा-जावांच्या ताटाखाली दिवस काढायचे होते, कुणाला तेवढाही आसरा नव्हता.

त्यातूनच नर्सिंगचा विचार पुढे आला. रमाबाईंचा हिशेब साधा होता. एकीकडे हाताला काम नसलेल्या बाया, दुसरीकडे बाईमाणूस नाही म्हणून उपचाराविना मरणाऱ्या बाया. दोघींची गाठ घालायची. पण बोलणं सोपं, मुलगी पाठवणार कोण? सेवासदनाने पुण्याच्या ससून हॉस्पिटलात बायकांना नर्सिंग शिकायला धाडलं आणि त्यांच्यासाठी वसतिगृह चालवलं. रात्रपाळी करून आलेली मुलगी कुठे राहते, कुणाच्या नजरेखाली राहते, या प्रश्नाला आता उत्तर होतं. आजही पाड्यावरची मुलगी जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला पाठवताना आई-बाप पहिल्यांदा होस्टेलचीच चौकशी करतात. शिकवण्याइतकीच राहण्याची सोय महत्त्वाची, हे रमाबाईंनी तेव्हा ओळखलं होतं.

आता त्या हसण्याची गोष्ट. सेवासदनाच्या वार्षिक संमेलनात बक्षिसं वाटायची होती. नर्सिंग शिकणाऱ्या बायांत एक तरुण विधवा होती. आलवण नेसलेली, केस काढलेले, डोक्यावरून पदर. तिचं नाव पुकारलं, ती बक्षीस घ्यायला पुढे आली आणि समोर बसलेली शिकलेली पोरं खिदळायला लागली. बिचारीला कसं वाटलं असेल!

रमाबाई कार्यक्रमाच्या शेवटी बोलायला उभ्या राहिल्या. एरवी मवाळ बोलणाऱ्या बाई, त्या दिवशी भडकल्या. तुम्ही स्वतःला शिकलेले म्हणवता, पण वागता अडाण्यासारखे, असं त्यांनी पोरांना तोंडावर सांगितलं. हसणाऱ्यातल्या प्रत्येकाच्या घरात अशीच कुणीतरी बहीण, आत्या, कदाचित आईही असेल, तिच्याकडे पाहून हसता का, असा त्यांचा सवाल होता. सभा गप्प झाली. त्यानंतर नर्सिंगला बायका पाठवायला लोकांचा विरोध हळूहळू कमी झाला, असं सांगतात. एका भाषणाने समाज बदलत नाही हे खरं. पण हसणाऱ्याला त्याच जागी अडवायला कुणीतरी लागतं, आणि न्यायमूर्तींच्या विधवेने अडवलं म्हणून त्याला वजन आलं.

त्या काही बंडखोर नव्हत्या. पंडिता रमाबाईंसारखं सगळं मागे टाकून त्या निघाल्या नाहीत. घरच्यांना न तोडता, एकेक पाऊल टाकत चालायच्या. त्यामुळे काहींना त्या मवाळ वाटायच्या. सेवासदनाचा पहिला फायदाही जास्त करून शहरातल्या वरच्या जातीच्या बायकांना झाला. डोंगरातल्या पाड्यावर शिकलेली नर्स यायला पुढे कितीतरी वर्षं गेली, हेही लपवायचं कारण नाही.

पण काम थांबलं नाही. आळंदीच्या यात्रेत बायाबापड्यांची गर्दी व्हायची, तिथे मदतीला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जायच्या. मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून पुण्यात चळवळ झाली, त्यात पुढे. बायकांना मताचा हक्क मिळावा यासाठीही त्या झटल्या. नवऱ्यासोबतच्या संसाराच्या आठवणी त्यांनी १९१० मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे त्याचं नाव. अकराव्या वर्षी ग म भ न न येणाऱ्या बाईचं हे पुस्तक आजही वाचलं जातं.

१९२४ मध्ये रमाबाई पुण्यात वारल्या. सेवासदन त्यांच्यानंतर देवधरांनी वाढवलं. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारत सरकारने रमाबाईंचं टपाल तिकीट काढलं.