प्रागचे पहिले चित्रपटकार

व्ल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या प्राग शहरात 20 मार्च 1868 रोजी यान क्रिझेनेत्स्की यांचा जन्म झाला. त्या काळी चेक लोक स्वतंत्र नव्हते. ऑस्ट्रियाचा सम्राट त्यांच्यावर राज्य करी व कचेऱ्यांत जर्मन भाषेचे प्राबल्य असे. अशा स्थितीत आपली भाषा, आपली नाट्यगृहे व आपल्या संस्था उभारण्यासाठी चेक लोक मोठ्या जिद्दीने झटत होते.

यान व्यवसायाने वास्तुशिल्पी. प्रागच्या नगरपालिकेत बांधकाम खात्यात ते नोकरी करीत. नकाशांच्या कामात दिवस जाई. परंतु त्यांचे मन रमे ते छायाचित्रणात. त्याच सुमारास शहरातील जुनी, दाटीची वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम चालू झाले होते. जे उद्या नाहीसे होणार, ते आज टिपून ठेवावे, या हेतूने यानांनी जुन्या प्रागची पुष्कळ छायाचित्रे घेतली.

1895 च्या डिसेंबरात पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी आपली हलती चित्रे पैसे भरून आलेल्या प्रेक्षकांना दाखविली. पुढल्याच वर्षी तो चमत्कार प्रागलाही पोहोचला. पाहून थक्क होणारे शेकडो होते. पण यानांनी ल्युमिएरचे यंत्रच विकत घेतले. मोठी विलक्षण पेटी होती ती! तिनेच चित्र घ्यावयाचे, तिनेच त्याची प्रत काढावयाची आणि मागे दिवा ठेवून तिनेच ते पडद्यावर पाडावयाचे. फीत अवघी सतरा मीटर लांब, म्हणजे एका मिनिटाचाही खेळ नव्हे. दांडा हाताने फिरवावा लागे, तोही एकसारख्या गतीने. हात अडखळला की पडद्यावरची माणसेही अडखळत.

1898 साली प्रागमध्ये वास्तुकला व अभियांत्रिकी यांचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे यानांनी आपला मंडप थाटला व त्याला नाव दिले ‘चेक सिनेमॅटोग्राफ’. जेथे आपल्या भाषेसाठी पावलोपावली झगडावे लागे, तेथे हे नाव साधे नव्हते. खेळही परदेशाहून आणलेले नव्हते. अग्निशामक दलाची धावपळ, नदीवरील पोहणाऱ्यांची गर्दी, असे प्रागचेच जीवन त्यांनी टिपले होते. शिवाय योसेफ श्वाब-मालोस्त्रान्स्की या विनोदी नटाला हाताशी धरून त्यांनी छोटे प्रवेश रचले. एकात भित्तिपत्रके चिकटविणारा व सॉसेज विकणारा यांची झटापट होते. दुसऱ्यात नटाचा केवळ चेहराच दिसतो; तो कधी हसतो, कधी रडतो. चेक भाषिकांच्या चित्रपटाचा आरंभ तो हाच.

प्रदर्शन संपले, आणि खरी अडचण पुढे उभी राहिली. खेळ नेहमी दाखवावे कोठे? प्रागमध्ये पहिले कायमचे चित्रपटगृह निघाले ते 1907 साली, व तेही व्हिक्टर पोन्रेपो या जादूगाराने काढले. तोवर नऊ वर्षे लोटली होती. यान उत्तम चित्रकार होते. व्यापारी मात्र नव्हते. नगरपालिकेच्या वेतनावर घर चाले आणि सवडीनुसार यंत्र बाहेर निघे. 1901 साली व्ल्टावावर नवा पूल खुला झाला, त्या समारंभाचे त्यांनी चित्रण केले. सोकोल या व्यायामसंस्थेच्या मेळाव्यांतील सामुदायिक कसरतीही त्यांनी टिपल्या. 1908 साली ते आपले यंत्र घेऊन उघड्या ट्रॅमगाडीत बसले आणि धावत्या गाडीतून दिसणारे शहर चित्रित केले. पुढे दुसऱ्यांच्या चित्रसंस्था निघाल्या, मोठमोठी कथाचित्रे होऊ लागली, आणि यानांचे यंत्र हळूहळू स्वस्थ बसले.

1918 साली चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला व प्राग त्याची राजधानी बनले. तो दिवस यानांना पाहता आला. 9 फेब्रुवारी 1921 रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याच शहरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या फिती प्रागच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. शंभराहून अधिक वर्षांनी त्या स्वच्छ करून नव्या तंत्राने पुन्हा उतरविण्यात आल्या, आणि 1908 ची ती उघडी ट्रॅमगाडी पुन्हा एकदा प्रागच्या रस्त्यांवरून धावू लागली.