गायनसम्राट अल्लादियाखाँ

शास्त्रीय संगीतात आता नवे करण्यासारखे काय उरले आहे, असा प्रश्न आपणांस कधी पडला असेल. स्वर बाराच, राग ठरलेले, चिजा तर पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. हा प्रश्न मनात ठेवून उस्ताद अल्लादियाखाँ यांचे चरित्र पाहा.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ साली राजपुतान्यातील उनियारा येथे झाला. लहान वयातच पितृछत्र हरपले. चुलते जहाँगीरखाँ यांनी त्यांच्याकडून ध्रुपद आणि ख्याल कसून घोटून घेतले. पुढे आमलेटा संस्थानात असताना अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. गवयाचा आवाज गेला म्हणजे त्याचे सर्वस्वच गेले! तो परत आला, पण पूर्वीचा गोडवा राहिला नाही. दुसरा एखादा खचला असता. खाँसाहेबांनी मात्र त्या बदललेल्या आवाजाला शोभेल असे गाणे घडविले. विलंबित लय, तिच्या मात्रामात्रांत गुंफलेली आलापी आणि सरळ न जाता वळणे घेत समेवर येणारी तान. चीज जुनीच, पण गाणे अगदी वेगळे. ते अवघड आहे, ही कुरकुर तेव्हाही होती आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती.

रागांचेही तसेच. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. संपूर्ण मालकंसात हे दोन्ही स्वर येतात, तरी मालकंसाची छाया ढळू द्यायची नाही. बसंती केदारात दोन राग असे मिसळायचे की सांधा दिसता कामा नये. असे अनवट राग या घराण्याने मैफलीत रुजविले. दोन रागांची मोडतोड करून तिसरा उभा करणे कोणालाही जमेल. तो रागासारखा वागला पाहिजे, हीच खरी कसोटी.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस आले आणि १९४६ साली तेथेच पैगंबरवासी झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, तसेच पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ हे त्यांचे शिष्य.

खाँसाहेबांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. आपल्या कानी पडते ती शिष्यांच्या गळ्यातून उतरलेली गायकी. केसरबाईंची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांतील तबकडीवरून अंतराळात गेली.