विक्रम साराभाई : उसना उपग्रह आणि घरचं कसब

डॉ. विक्रम साराभाई म्हटलं की मुलांना थुंबा आठवतं. चर्चमधलं ऑफिस, सायकलवरून नेलेले रॉकेटचे भाग. गोष्ट खरी आहे, मुलांना आवडतेही. पण वर्गात ती बहुतेक वेळा तिथेच संपते आणि साराभाईंचं खरं शहाणपण सांगायचं राहून जातं.

जन्म १२ ऑगस्ट १९१९, अहमदाबाद. घर कॅलिको मिलच्या मालकांचं, म्हणजे पैशाला तोटा नाही. केंब्रिजला शिकायला गेले, महायुद्ध सुरू झालं म्हणून परतले आणि बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर काम केलं. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा वय होतं अवघं २८!

२१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अमेरिकेचं होतं. त्यातलं उपकरण फ्रान्सचं, पुढे संगणक आला तो सोव्हिएत रशियाचा. मग आपलं काय, असं मुलं विचारतात. विचारू द्या. ते शीतयुद्धाचे दिवस होते. एकाच देशावर विसंबलो आणि उद्या त्याने हात आखडता घेतला, तर सगळंच अडणार. साराभाईंनी मदत अनेकांकडून घेतली आणि ती घेता घेता आपली माणसं तयार केली. २० नोव्हेंबर १९६७ ला रोहिणी-७५ उडालं. व्यास फक्त ७५ मिलिमीटर, खेळण्यातलंच वाटावं. पण ते आपलं होतं.

आपल्या पुणे जिल्ह्यातही याची खूण आहे बरं का. नारायणगावजवळ आर्वीला परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र व्हायचं होतं. ते आपल्याच अभियंत्यांनी उभारावं, हा आग्रह साराभाईंचा. पुढे त्याला विक्रम हेच नाव दिलं गेलं.

१९६९ मध्ये त्यांनी नासाशी करार केला. उपग्रह त्यांचा, तोही एका वर्षापुरता उसना. जमिनीवरचे संच आणि कार्यक्रम मात्र आपले. हा प्रयोग बघायला साराभाई राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ ला कोवळम इथे ते अचानक गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी.

१ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्हीवर शेती, आरोग्य, शाळेचे पाठ दिसू लागले. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि अमेरिकेने उपग्रह परत नेला. ठरल्याप्रमाणेच नेला, त्यात फसवणूक नव्हती. पण रोज संध्याकाळी टीव्हीसमोर जमणाऱ्या गावकऱ्यांना त्याचं काय! परावलंबन म्हणजे काय हे मुलांना सांगायला मला तरी यापेक्षा सोपं उदाहरण माहीत नाही.

गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचं मात्र तसं झालं नाही. तिथे पिज गावी जमिनीवरचा ट्रान्समीटर होता, त्यामुळे कार्यक्रम पुढेही कित्येक वर्षं चालू राहिले. आणि जमिनीवरचं काम शिकलेली माणसं तर कुठेच गेली नव्हती. भारताचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये वर गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. पण त्याचा जोडीदार इन्सॅट-१बी तयार होत होता. ऑगस्ट १९८३ मध्ये तो गेला आणि चालला.