प्रेमचंद रायचंद: शेअर बाजाराच्या एका तेजीने आणि एका मंदीने घडवलेला माणूस

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या आईच्या नावाने उभा आहे, ते प्रेमचंद रायचंद एकेकाळी मुंबईच्या शेअर बाजाराचे राजे होते.

१८३१ साली सुरतेत जन्मलेले प्रेमचंद लहानपणीच मुंबईत आले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे ते इथले पहिले दलाल मानले जातात. कापूस आणि शेअर या दोन्ही व्यवहारांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चालू लागल्या. शहरात पैसा ओतला गेला, रोज नव्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत होत्या आणि त्याच पैशातून लोक आणखी शेअर घेत होते. प्रेमचंद या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते.

१८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते. ते कुणाकडेच नव्हते. प्रेमचंदही कर्जात बुडाले.

पण ते पळाले नाहीत. पुन्हा कापसाच्या दलालीत उतरले आणि १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मान टिकवून राहिले. तेजीत कमावलेलं बरंचसं कागदावरच विरलं. दान दिलेल्या पैशातून उभा राहिलेला टॉवर मात्र आजही आहे.

कौशल्य त्यांच्याकडे भरपूर होतं. त्यांना बुडवलं ते उधारीच्या पैशाने आणि तेजी संपणारच नाही या समजुतीने. आज ॲपवर कर्ज काढून शेअर घेताना हे जरूर आठवा.