खांब किती अंतरावर?

दसरा जवळ आला की आमच्या गच्चीवरून दीक्षाभूमीचा स्तूप रात्रभर उजळलेला दिसतो. एका वर्षी नातीने विचारलं की एवढी वीज येते तरी कुठून. मी उत्तरेला, कोराडीच्या दिशेने बोट दाखवलं. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. कोराडीत वीज तयार होते. ती तारांवरून कुणाच्या दारापर्यंत जावी आणि त्या तारा कुणाच्या मालकीच्या असाव्यात, हा प्रश्न देशात ज्यांनी फार आधी मांडला, त्यांच्यात बाबासाहेब आंबेडकरही होते. घटना आणि धर्मांतर या दोन डोंगरांमागे त्यांची ही चार वर्षं अगदी झाकली गेली आहेत.

मला त्यांचा शोध लागला तो एका छापील फॉर्ममुळे. बँकेत लागल्यावर माझी पहिली नेमणूक विदर्भातल्या एका खेडेगावात झाली. विहिरीवरच्या मोटारपंपासाठी कर्ज हवं असलं की अर्जात एक रकाना भरावा लागे : विहिरीपासून विजेचा खांब किती अंतरावर आहे? जमीन किती, पीक कोणतं, माणूस कसा, हे सगळं नंतर. खांब जवळ असला की अर्ज पुढे सरकायचा, लांब असला की फायलीत पडून राहायचा. दोन शेतकऱ्यांच्या नशिबातला फरक त्या एका आकड्यात मावत असे.

बाबासाहेबांचं स्वतःचं शिक्षण तेलाच्या दिव्यावर झालं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत वडील, सुभेदार रामजी, त्यांना रात्री दोन वाजता उठवत आणि काचेविना भगभगणाऱ्या दिव्यासमोर मुलगा वाचत बसे, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. पुढे कोलंबिया, लंडन, रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध हा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो १९१८ चा, लहान शेतजमिनींवरचा निबंध. तुकडे एकत्र करून शेतीचं दुखणं बरं होणार नाही, जमिनीवर भार झालेली माणसं उद्योगांकडे वळली पाहिजेत, असा त्याचा रोख होता. उद्योग म्हटला की यंत्र आलं आणि यंत्र म्हटलं की स्वस्त वीज. पंचवीस वर्षांनंतर ते जे करणार होते, त्याचं बी तिथे आहे.

१९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांची मजूर खात्याचे सभासद म्हणून नेमणूक जाहीर झाली. त्याच महिन्यात, १८ आणि १९ तारखेला, ते आपल्या नागपुरात होते. मोहन पार्कवर परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. नंतर दिल्ली. खात्याचं नाव मजूर, पण त्याच्या पोटात पाटबंधारे होते, सार्वजनिक बांधकाम होतं आणि वीजही होती.

तेव्हाची व्यवस्था १९१० च्या कायद्याची. सरकार परवाना देई, कंपनी एका ठरावीक हद्दीत तारा टाके. बँकवाल्याच्या नजरेने पाहिलं तर त्यात गैर काही नव्हतं. बाजारपेठेतल्या एका गल्लीत थोड्या खांबांवर शेकडो गिऱ्हाइकं मिळतात, आणि शिवारात तेवढ्याच खांबांवर दोन-तीन विहिरी. तांबं, लाकूड, मजुरी यांचा खर्च तोच. कोणता शहाणा व्यापारी शिवारात जाईल? शिवाय प्रत्येक गावाचं वीजघर सुटं. एक यंत्र बिघडलं तर दुसरं हाताशी हवं, म्हणून प्रत्येकाने जादा यंत्र बाळगायचं आणि त्याचा बोजा दरावर टाकायचा. तारांनी वीजघरं एकमेकांना जोडली की हा जादा खर्च वाटला जातो. इंग्लंडने १९२६ च्या कायद्याने हे केलं होतं.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी बांधकाम व वीज या विषयांच्या धोरण समितीपुढे बाबासाहेब अध्यक्ष म्हणून बोलले. भाषण मी मूळ इंग्रजीत वाचलं आहे. वीज खासगी हाती असावी की सरकारच्या, केंद्राच्या की प्रांतांच्या, भरपूर आणि स्वस्त कशाने मिळेल, असे नेमके प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. या देशाला वीज कशासाठी हवी, हेही सोडलं नाही. उद्योग वाढले तरच दारिद्र्याचं चक्र तुटेल आणि विजेवाचून उद्योग नाहीत, हा त्यांचा सरळ हिशेब होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. दामोदर खोऱ्यासाठी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा धडा गिरवला गेला : एकाच धरणातून पूरनियंत्रण, पाणी आणि वीज. १९४६ मध्ये ते मंडळातून बाहेर पडले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण भक्तीच्या भरात हल्ली सगळंच एका नावावर टाकलं जातं. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला तेव्हा ते खातं काकासाहेब गाडगिळांकडे होतं आणि बाबासाहेब कायदामंत्री होते. पण त्या कायद्यातल्या राज्य वीज मंडळांकडे जे काम सोपवलं, त्यात परवानेदार कंपन्या जिथे पोचल्या नाहीत त्या भागांकडे विशेष लक्ष द्यायचं होतं. १९४३ च्या प्रश्नाला मिळालेलं हे एक उत्तरच म्हणायचं. घटनेतही वीज समवर्ती सूचीत, ३८ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्राचाही हात, राज्याचाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते पुन्हा नागपुरात आले, दीक्षेसाठी. ६ डिसेंबरला दिल्लीत गेले. महाराष्ट्राचं वीज मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं, ते त्यांनी पाहिलं नाही. पुढे या मंडळांचे ताळेबंद बिघडले, हे बँकवाल्याने तरी नाकारू नये. वीजचोरी, गळती, वसूल न होणारी बिलं, सगळंच होतं. २००३ च्या कायद्याने १९४८ चा कायदा मोडीत निघाला, २००५ मध्ये आपल्या मंडळाचे तुकडे होऊन वितरण महावितरणकडे आलं. आमच्या शहरात तर महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स या विभागांचं वितरण २०११ ते २०१९ खासगी फ्रँचायझीकडे होतं. कट्ट्यावर तेव्हा रोज वाद रंगत : खासगी बरं की सरकारी? १९४३ च्या समितीपुढचाच प्रश्न आपण चहाबरोबर घोटतो आहोत, हे मी मित्रांना सांगून पाहिलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मधल्या काळात, २०१३ च्या ३१ डिसेंबरला, आपल्या सोलापूरहून रायचूरला गेलेल्या वाहिनीने दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाशी जोडलं आणि सगळा भारत एका तारेवर आला. त्याची बातमी वाचलेला एकही जण त्या कट्ट्यावर निघाला नाही.

त्या खेड्यातला, खांब लांब म्हणून अडलेला एक अर्ज मला अजून आठवतो. दोन वर्षांनी तारा त्या शिवारात आल्या आणि तो शेतकरी पंप सुरू झाल्याचं सांगायला मुद्दाम शाखेत आला, पोतंभर संत्री घेऊन. संत्री परत नेताना फार नाराज झाला. निवृत्त होण्याआधी त्या गावी जाणं झालं. त्याचा मुलगा आता सौरपंपासाठी अर्ज करणार होता. त्याला मी सवयीने विचारलं, खांब किती लांब आहे, तर तो हसला.