रक्तात की सवयीत? डॉ. खानोलकरांनी घेतलेला शोध

घरात दोघांना कर्करोग झाला की तो आपल्या रक्तातच आहे, असे लोक धरून चालतात. हे कितपत खरे, याचा भारतात पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रभागी होते.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ साली लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. केले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल या महाविद्यालयांत काम केले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि पुढे तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करण्यावर ते थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या समाजाचा, काय चघळतो, काय ओढतो, याकडेही त्यांनी लक्ष दिले. १९४४ साली त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. समाजासमाजांत कर्करोगाचे स्वरूप वेगळे दिसे. मग कारण रक्तात की सवयीत? डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील, आपापसातच लग्ने करणाऱ्या सहा समाजांची सात आनुवंशिक लक्षणे तपासली. १९५५ साली सहकाऱ्यांसह तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. समाजाबरोबर रक्त येते, तशा सवयीही येतात. रक्त बदलता येत नाही, सवय बदलता येते.

आजचे ज्ञानही हेच सांगते. तळहात-तळपायांची कातडी जाड करणारा टायलोसिस हा दुर्मीळ आनुवंशिक विकार अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढवतो. पूर्व आशियात अनेकांच्या जनुकांत दारू नीट न पचवणारा दोष असतो. पण त्याचा मोठा फटका पिणाऱ्यालाच बसतो. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत मात्र तंबाखू, विडी आणि दारूच कारणीभूत ठरतात. फळे-भाज्या कमी खाणे आणि चहा अगदी कढत पिणे यांनीही धोका वाढतो.

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

डोळखांब असो वा मुरबाड, त्यांच्या कामाचा उपयोग आजही सरळ आहे. मशेरी, तंबाखू, विडी आणि दारू सोडावी. भाकरीचा घास छातीत अडकू लागला, वजन उतरू लागले, तर पित्त समजून महिने घालवू नयेत. सरकारी रुग्णालयात दाखवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.