तडजोडीची किंमत

संसार म्हणजे तडजोड, हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या मांडवातच नववधूच्या कानी घातले जाते. तडजोड कोणी करावयाची, किती करावयाची आणि तिची किंमत कोणी मोजावयाची, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या प्रश्नांचा विचार करताना रमाबाई रानडे यांचे चरित्र पुन्हा डोळ्यांपुढे येते.

या सहजीवनाचा प्रारंभच एका पराभवाने झाला. १८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी सखूबाई निवर्तल्या. विधवाविवाहाच्या चळवळीतील या अग्रणीने आता स्वतः विधवेशी विवाह करावा, ही सुधारकांची अपेक्षा स्वाभाविक होती. मुलगा तसे करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने वधू निश्चित केली. माधवरावांनी विरोध केला, मुदत मागितली. परंतु वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा करताच ते नमले. वर एकतीस वर्षांचा आणि उच्चविद्याविभूषित. वधू कुर्लेकरांची अकरा वर्षांची, अक्षरशत्रू कन्या. समाजाने त्यांना दुबळे ठरविले आणि तो आक्षेप सर्वस्वी अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. पित्याचे मन राखण्यासाठी त्यांनी तत्त्वाला मुरड घातली; पण तिची किंमत त्यांच्या एकट्याच्या नावे पडली नाही. ज्या अज्ञात विधवेचा संसार त्या दिवशी उभा राहू शकला असता, तिने ती मोजली. आणि जिचे मत कोणी विचारले नाही त्या अकरा वर्षांच्या मुलीनेही मोजली.

पुढे जे घडले ते मात्र केवळ पश्चात्तापाचे नव्हते. विवाह होताच माधवरावांनी पत्नीला अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. मराठी झाले, मग इंग्रजी आले. पुण्याच्या एकत्र कुटुंबात हे शिक्षण म्हणजे रोजची परीक्षाच होती. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचन हा घराण्याला कलंक वाटे. टोमणे, अबोला, सोवळ्याओवळ्याची कुंपणे ही नित्याची बाब होती. पतीची इच्छा एकीकडे आणि माजघराची आज्ञा दुसरीकडे. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही आणि पुस्तकही खाली ठेवले नाही. माधवरावांनीही घरातील स्त्रियांशी उघड संघर्ष टाळला. त्यांच्या या शांततेचा भार पत्नीला वाहावा लागला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावयास हवे.

१८७८ च्या सुमारास नाशिकला बदली झाली आणि स्वतंत्र बिऱ्हाडात या दांपत्याला प्रथमच मोकळा श्वास घेता आला. परत आल्यावर १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले त्या कार्यातही त्या पुढे होत्या. शिष्येची हळूहळू सहकारी होत होती.

या नात्याची खरी कसोटी लागली ती पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात. १८९० साली झालेल्या त्या चहापानावरून ग्रामण्य उठले. पुढे १८९२ मध्ये, बहिष्कारामुळे मित्रांच्या कुटुंबांची होणारी कुचंबणा पाहून, माधवरावांनी त्यांच्यासमवेत प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते रुचले नाही. ज्या पत्नीला अक्षर न् अक्षर पतीने शिकविले, तिला पतीचा एक निर्णय चुकीचा वाटावा, यातच त्या शिक्षणाचे साफल्य होते. नाते तुटले नाही आणि मतही पुसले गेले नाही. आपल्या आठवणी लिहिताना त्यांनी पतीविषयीची भक्ती लपविली नाही, तशीच ही बोचही झाकून ठेवली नाही.

१९०१ च्या जानेवारीत माधवराव गेले तेव्हा रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पतीच्या छायेत वाढलेली ही स्त्री आता कोमेजून जाईल, अशी शंका कोणास आली असल्यास ती खोटी ठरली. १९०४ साली मुंबईत भरलेल्या महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तेथून परिचारिका, शिक्षिका होऊन विधवा व निराधार स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. १८७३ साली ज्या विधवेला न्याय नाकारला गेला होता, तिच्या ऋणाची फेड जणू १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्या करीत राहिल्या.

या चरित्राचा दाखला देऊन आजच्या मुलींना मुकाट सोसण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याचा विपर्यास होय. वीस वर्षांचे अंतर आणि संमतीवाचून झालेला विवाह आज कोणी आदर्श मानणार नाही. तरीही एक निकष त्यातून हाती लागतो. मने जुळलेली मिळत नाहीत, ती जुळवावी लागतात, हे खरेच; पण जुळवताना एक जण वाढत जातो की खुरटत जातो, हे पाहिले पाहिजे. जी तडजोड माणसाला मोठे करते आणि मतभेदाचा अधिकार शाबूत ठेवते, तिला सहजीवन म्हणावे. बाकीची ती शरणागती. तिला संसाराचे गोंडस नाव देऊन भागणार नाही.